अठ्ठेचाळीस मिनिटं पहारा नव्हता

१

दंतवैद्याच्या घराचं कुलूप कुणी फोडलं नव्हतं. दाराला ओरखडा नव्हता, चौकट हललेली नव्हती. भर दुपारी, घरात कुणी नसताना, कुणीतरी किल्ली लावून आत आलं, कपाटातलं हवं ते घेतलं आणि जाताना दार नीट ओढून घेतलं. दंतवैद्याची बायको संध्याकाळी परतली तेव्हा तिला सगळं जागच्या जागी दिसलं. चोरी झाल्याचं तिला तासाभरानं कळलं, तेही दागिन्यांची डबी हातात हलकी लागली म्हणून.

आठवड्यातली ही तिसरी चोरी. बावीस तारखेला औषधविक्रेत्याकडे, सव्वीसला वकीलबाईंकडे आणि एकोणतीसला इथे. तिन्ही घरं तीन टोकांना. माणसांची एकमेकांशी ओळखदेख नाही. तिघांत सारखं एवढंच, की तिन्ही दारांना अण्णांनी बसवलेली कुलपं होती.

अण्णांचं कुलपांचं दुकान पस्तीस वर्षांचं. पुढे दुकान, त्यामागे एक अरुंद खोली आणि तिच्या मागे राहतं घर. दारांना बसवायची मजबूत कुलपं हे त्यांचं खरं काम. त्या कुलपांच्या किल्लीला पाच दात असतात, आणि प्रत्येक दात किती खोल कापायचा याचा एक आकडा. पाच आकडे हातात असले की अण्णा दहा मिनिटांत नवी किल्ली करून देत. म्हणून बसवलेल्या प्रत्येक कुलपाचे आकडे, मालकाचं नाव आणि पत्ता ते एका जाड वहीत लिहून ठेवत. किल्ली हरवली तर कुणाला दार फोडायला लागू नये, हा हेतू. वही लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली अण्णांच्या कमरेला.

तीस तारखेला, शुक्रवारी, चौथं घर निघालं ते चष्मेवाल्याचं. इथे मात्र चोराची फजिती झाली. किल्ली आत गेली, फिरली नाही. त्यानं जोर लावला असावा, कारण मूठ तुटून त्याच्या हातात आली आणि दातांचा भाग कुलपात राहिला. शेजारी कुणीतरी खिडकी उघडली, तसा तो पसार झाला.

आता फौजदारांना शंका उरली नाही. कुलपांचे आकडे बाहेर गेले होते. वहीतले आकडे आणखी कुणाला माहीत आहेत, असं त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा बराच वेळ हातातली कानस पुसत राहिले. मग म्हणाले, "बारक्याला."

बारक्या हा त्यांचा कारागीर. अठरा वर्षांपूर्वी आला तेव्हा काडीसारखा होता, म्हणून हे नाव. आता चांगला दोन माणसांएवढा झाला होता, नाव मात्र तेच राहिलं. दोन महिन्यांपूर्वी तो अण्णांशी भांडून बाहेर पडला आणि चार गल्ल्या पलीकडे त्यानं स्वतःचं छोटं दुकान टाकलं.

शनिवारी सकाळी फौजदार त्याला त्याच्या दुकानातून घेऊन गेले. प्रकरण संपलं असं सगळ्यांनीच धरलं.

सोमवारी सकाळी विमा कंपनीच्या तपासनीस बाई दुकानात आल्या आणि त्यांनी कागदाची एक पुडी काउंटरवर सोडली. आत तुटलेल्या किल्लीचा तुकडा होता, फौजदारांकडून मागून आणलेला.

२

तपासनीस बाई पन्नाशीच्या, आवाजानं हळू. दंतवैद्य आणि औषधविक्रेता या दोघांचा विमा त्यांच्या कंपनीकडे होता. कॉम्प्युटरमधलं आपल्याला फारसं कळत नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. त्यांचं काम माणसांशी बोलायचं.

त्यांनी अण्णांना विचारलं, की ही किल्ली का फिरली नाही.

चुकीची कापली म्हणून, अण्णा म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

"चुकीची म्हणजे कशी चुकीची?" बाईंनी विचारलं. "मोजून सांगता?"

अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं, मोजपट्टी घेतली आणि एकेक दात मोजला. चार, दोन, एक, सहा, तीन. मग कपाट उघडून वही काढली. चष्मेवाल्याच्या नावापुढे लिहिलं होतं: चार, दोन, सहा, एक, तीन. मधल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. बाकी सगळं बरोबर होतं.

बाईंनी दोन्ही ओळी आपल्या डायरीत एकाखाली एक लिहून घेतल्या आणि तिथून सरळ पोलीस चौकी गाठली.

बारक्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं नमस्कार केला नाही. भांडण कशावरून झालं असं बाईंनी विचारल्यावर मात्र तो बोलू लागला. अठरा वर्षं सगळे आकडे आपल्या डोक्यात होते, असं तो म्हणाला. अण्णांनी वही काढायच्या आधी आपण किल्ली कापायला घेत असू. मग दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर आला. अण्णांची मुलगी रोज संध्याकाळी बसून वही त्यात उतरवू लागली. आपण अण्णांना म्हटलं, की या पेटीचा भरवसा धरू नका, तिला बाहेरून हजार दारं असतात. अण्णा म्हणाले, तुला तुझी गरज संपायची भीती वाटते. त्यानंतर तिथे राहण्यात अर्थ नव्हता.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "चष्मेवाल्यांचा आकडा किती?"

"चार-दोन-सहा-एक-तीन," बारक्या म्हणाला. आठवायला त्यानं छताकडेही पाहिलं नाही.

बाहेर येऊन बाईंनी फौजदारांना सांगितलं, की आकडा ज्याला असा पाठ आहे त्याच्याकडून ही किल्ली झालेली नाही. संशय टळावा म्हणून त्यानं मुद्दाम चुकवली असेल, असं फौजदार म्हणाले.

बाई म्हणाल्या, "परक्याच्या दारात भर दुपारी अडकून पडायला कुणी मुद्दाम चुकत नसतं, साहेब. ज्यानं ही कापली त्याला आकडा कुणीतरी लिहून दिला होता. आणि लिहिलेलाच चुकीचा होता."

वही बरोबर होती. म्हणजे आकडे कॉम्प्युटरमधून गेले असणार. बाई परत दुकानात आल्या तोवर अण्णांची मुलगी ग्रंथालयातली अर्ध्या दिवसाची नोकरी आटोपून घरी आली होती. तिनं कॉम्प्युटर उघडून चष्मेवाल्याची नोंद दाखवली.

तिथेही चार, दोन, सहा, एक, तीनच होतं.

३

मुलगी स्क्रीनकडे आणि बाई मुलीकडे पाहत राहिल्या. अण्णा दाराशी उभे होते. ही फाइल तिच्याशिवाय कुणी हाताळत नाही, असं मुलगी सांगत होती. एकंदर सहाशे बारा कुलपं होती, सहा महिने ती टाइप करत होती. मग ती मध्येच थांबली.

"थांबा," ती म्हणाली. "हे मी सुधारलंय."

टाइप करून संपल्यावर एका रविवारी ती आणि अण्णा पडताळणीला बसले होते. अण्णा वहीतून वाचायचे, ती स्क्रीनवर बघायची. तीन-चार चुका निघाल्या, त्यातली एक ही. तिनं टेबलाच्या खणातून छापलेली यादी काढली. चुकलेल्या ओळींना लाल पेन्सिलीचे गोल होते आणि वर कोपऱ्यात तारीख होती: अठरा, रविवार.

आता गाठ सुटण्यासारखी झाली होती. चोराकडे गेलेला आकडा चुकीचा होता, म्हणजे यादी अठरा तारखेच्या आधी बाहेर गेली. बाईंनी विचारलं, की वकीलबाईंचं कुलूप केव्हा बसवलं. ते नवंच होतं. बारा तारखेला, सोमवारी बसवलं आणि त्याच संध्याकाळी मुलीनं नोंद केली. वकीलबाईंचं घर उघडलं गेलं होतं, म्हणजे यादी बारा तारखेच्या संध्याकाळनंतर गेली.

"सोमवार संध्याकाळ ते रविवार," बाई म्हणाल्या. "बारक्या तोवर जाऊन दीड महिना झाला होता. त्यानं या खोलीत पाय ठेवलेला नव्हता. आता त्या सहा दिवसांत या खुर्चीवर कोण कोण बसलं, तेवढं सांगा."

मुलीनं बोटं मोजली. ती स्वतः, रोज संध्याकाळी. तिचा नवरा, अधूनमधून. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई, कारण त्यांचा प्रिंटर बिघडलेला आहे आणि त्या प्रश्नपत्रिका छापायला खाली येतात. आणि कधी कधी कुलपांच्या कंपनीचा विक्रेता येतो, नवा माल दाखवायला. त्याला सगळे कॅटलॉगवाला म्हणतात.

"तो गेला महिनाभर आलेला नाही," अण्णा म्हणाले. "मी सकाळभर दुकानातच असतो." मग पुढे गिऱ्हाईक आलंय असं सांगून ते दुकानात गेले.

दुकानात कुणी आलेलं नव्हतं. बाईंनी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटलं असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

४

शिकवणीच्या बाई बोलायला अधीर होत्या. त्या वर्षानुवर्षं गणित शिकवत होत्या, आणि कॉम्प्युटर आपल्यावर विनाकारण डूख धरून आहे असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचा पेन ड्राइव्ह लावला की अण्णांकडचा अँटिव्हायरस लाल चौकट दाखवून बोंब मारतो. जावई मग त्यांना ऐकवतो, की हा पेन ड्राइव्ह तुम्ही गावभर फिरवता, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून घाण घेऊन येता. आपण बारा माणसांकडे जातो हे त्यांनी कबूल केलं. पण घाण काय ती अँटिव्हायरस तिथल्या तिथे पुसतो, मग ओरडायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न.

त्या आठवड्यात केव्हा आलात, असं तपासनीस बाईंनी विचारलं.

बुधवारी छापलं होतं. गुरुवारीही साडेअकराच्या सुमाराला खाली आल्या होत्या, पण आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. अण्णांचा आवाज येत होता. फोनवर असतील म्हणून त्या परत गेल्या.

"काय बोलत होते, ऐकू आलं?"

"जावईबापूंना विचारायला हवं होतं खरं तर, असं काहीसं. मी चोरून ऐकत नाही हो कुणाचं."

संध्याकाळी जावई कामावरून आला. तो हिशेबनीस नव्हता की इंजिनिअर नव्हता, एका छापखान्यात पानं जुळवणारा होता. पण कॉम्प्युटरपाशी बसतो म्हणून घरानं त्याला त्या विषयातला जाणकार ठरवून टाकलं होतं, आणि त्यानंही नाही म्हटलं नव्हतं. अँटिव्हायरस त्यानंच आणला होता, रीतसर विकत घेतलेला. कुणी उगाच बंद करू नये म्हणून पासवर्ड घातला होता. तो पासवर्ड अण्णांच्या लक्षात राहत नाही म्हणून चिठ्ठीवर लिहून खणाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता.

म्हणजे खण उघडणाऱ्या कुणालाही तो मिळाला असता, असं बाई म्हणाल्या. जावयानं त्यावर मान खाली घातली.

अँटिव्हायरस आपण काय केलं ते लिहून ठेवतो का, हा बाईंचा पुढचा प्रश्न होता. ठेवतो, जावई म्हणाला. आपण दर आठवड्याला ते बघतो, असंही तो म्हणाला. मग नोंदींचं पान त्याला कुठे सापडेना. चार ठिकाणी क्लिक करून झाल्यावर त्यानं खुर्ची थोडी मागे घेतली आणि सांगितलं, की खरं म्हणजे आपण ते कधीच उघडलेलं नाही. कोपऱ्यात हिरवी खूण दिसली की झालं असं समजायचो. दर शुक्रवारी अहवालाची मेल येते, तीही न वाचता पडून असते.

शेवटी पान उघडलं. बुधवारी शिकवणीच्या बाईंचा पेन ड्राइव्ह, त्यातला व्हायरस पुसला. आणि त्याखाली गुरुवार, पंधरा तारीख:

अकरा बावीस, पहारा बंद केला. पासवर्ड बरोबर.

बारा दहा, पहारा चालू केला. पासवर्ड बरोबर.

संध्याकाळी सहाच्या तपासणीत एक धोकादायक फाइल सापडली, ती अडकवून ठेवली.

अडकवलेल्या फाइलचं नाव वाचायला बाईंनी सांगितलं. जावयानं वाचलं. तेवढ्यात पुढे दुकानात कुणीतरी बाई रडताना ऐकू आली.

५

ती बारक्याची बायको होती. चौकीवरून थेट आली होती. तिनं अण्णांवर आरोप केला नाही. ती एवढंच म्हणत होती, की अण्णा, तुम्ही फौजदारांशी एक शब्द बोला. तुमचं ते ऐकतील. हे अठरा वर्षं तुमच्या हाताखाली होते, तुम्हाला माहीत आहे हे कसे आहेत. मुलं शाळेत गेली नाहीत आज, वर्गातली पोरं विचारतात.

अण्णा काउंटरच्या पलीकडे उभे होते. हातात एक किल्ली होती, ती ते उलटसुलट करत होते.

"बघतो," ते म्हणाले.

ती थोडा वेळ थांबली. आणखी काही येत नाही असं दिसल्यावर पदरानं डोळे पुसून निघून गेली. तपासनीस बाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी त्या वेळी काही विचारलं नाही. उद्या सकाळी येते, एवढं सांगून त्या गेल्या.

मंगळवारी त्या आल्या तेव्हा दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. मुलगी आणि जावई कामावर गेले होते. अण्णा स्टुलावर बसले होते आणि त्यांच्यापुढचं काम तसंच पडलं होतं. बाईंनी दुसरं स्टूल ओढून घेतलं.

त्या म्हणाल्या, की गुरुवारी अकरा बावीसला तुमची मुलगी ग्रंथालयात होती आणि जावई छापखान्यात. दोन्ही ठिकाणी मी काल हजेरी बघून आले. शिकवणीच्या बाई दारापर्यंत येऊन परत गेल्या. राहिला एखादा बाहेरचा माणूस. खणातली चिठ्ठी बाहेरच्यालाही सापडू शकते, म्हणून रात्रभर मी तसाच विचार करून पाहिला. एका जागी येऊन अडत होते.

"कुठे?" अण्णांनी विचारलं.

"बारा दहाला. ज्याला चोरी करायची होती त्यानं पहारा बंद केला असता, ते समजतं. पण तो पुन्हा चालू कशाला करेल? चालू केला आणि संध्याकाळी त्याचीच फाइल पकडली गेली. चोर आपल्या मागे असा पहारेकरी उभा करून जात नाही, अण्णा. ज्याला या घराची काळजी आहे, त्यानं तो चालू केला. दोन्ही वेळा पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर पडलाय. म्हणजे बंद करणाराही तोच."

अण्णांनी पुढ्यातलं काम बाजूला सारलं.

"त्या वेळी घरात असं माणूस एकच होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला सांगितलंत, सकाळभर दुकानातच असतो. शिकवणीच्या बाईंनी साडेअकराला आतल्या खोलीत तुमचा आवाज ऐकला. फोनवर बोलत असाल असं त्यांना वाटलं. मला वाटतं, समोर माणूस होता. आणि अडकवलेल्या फाइलचं नाव आहे 'नवा कॅटलॉग'."

६

अण्णा पाणी प्यायले आणि मग त्यांनी न थांबता सांगितलं.

कॅटलॉगवाल्याला ते तेरा वर्षं ओळखत होते. गुरुवारी तो आला, नेहमीसारखा हसतमुख. कंपनीनं आता कागदी कॅटलॉग बंद केलेत, सगळं पेन ड्राइव्हवर आहे, असं म्हणाला. लावला तर लाल चौकट आली. तो म्हणाला, तुमचा अँटिव्हायरस भलताच संशयी आहे, नव्या गोष्टी अडवतो, सगळ्या दुकानांत असंच होतंय. दोन मिनिटं बंद करा. अण्णा म्हणाले, जावईबापूंना विचारायला हवं होतं खरं तर. तो म्हणाला, एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कामावरून कशाला उठवता, तुम्ही मालक आहात ना. अण्णांनी खण उघडला, चिठ्ठी बघून बंद केला.

कॅटलॉग खरंच होता. कुलपांची चित्रं होती, अण्णांनी ती सावकाश पाहिली, दोघांनी चहा घेतला. चित्रं चालू असताना आत दुसरं काही चालू असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो गेल्यावर त्यांनी पहारा पुन्हा चालू केला, आणि कुणाला सांगितलं नाही. जावई रागावेल म्हणून.

"तुम्हाला कळलं केव्हा?" बाईंनी विचारलं.

"काल. पोरीनं ती अठरा तारीख दाखवली तेव्हा. एकदम डोळ्यांपुढे आलं."

"म्हणजे संध्याकाळी बारक्याची बायको इथे उभी होती, तेव्हा माहीत होतं."

अण्णांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, "तो जाताना मला हेच सांगून गेला होता. मी त्याला काय बोललो, ते तुम्हाला त्यानं सांगितलं असेल. आता जाऊन त्याला म्हणायचं, की तुझं खरं होतं, आणि मीच माझ्या हातानं दार उघडून दिलं. जीभ वळेना. एक रात्र जाऊ दे, असं वाटलं."

"त्याची चौकीतली ती तिसरी रात्र होती," बाई म्हणाल्या. त्यांनी हे रागानं म्हटलं नाही.

अण्णा उठले. शर्ट बदलला, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि बाईंबरोबर चालत चौकीवर गेले. तिथे त्यांनी आपला जबाब स्वतःच्या हातानं लिहून दिला. पंधरा तारीख, अकरा बावीस, बारा दहा. फौजदारांनी तो दोनदा वाचला आणि कुलपांच्या कंपनीला फोन लावला. कंपनीनं कळवलं, की पेन ड्राइव्हवर आमचा कुठलाही कॅटलॉग नाही, आणि तुम्ही म्हणता तो माणूस सहा महिन्यांपूर्वीच कामावरून कमी केला आहे.

दुपारी बारक्याला सोडलं. अण्णा बाहेरच्या बाकावर बसून होते. तो बाहेर आला तसे ते उभे राहिले आणि जे म्हणायचं ते म्हणाले. वाक्य पाठ केल्यासारखं होतं आणि मध्येच तुटलं. बारक्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं रस्ता ओलांडून निघून गेले.

७

कॅटलॉगवाला आठ दिवसांनी सापडला. दुसऱ्या गावातल्या एका कुलूपवाल्याच्या दुकानात तो खुर्चीवर बसला होता, आणि तिथला मालक त्याच्या सांगण्यावरून अँटिव्हायरस बंद करायला निघाला होता. पेन ड्राइव्हवरचा प्रोग्राम एकीकडे चित्रं दाखवायचा आणि दुसरीकडे यादीच्या फायली शोधून इंटरनेटवरून बाहेर पाठवायचा. किल्ल्या कापण्याचं काम त्याचा मेहुणा करायचा. त्याच्याकडे दंतवैद्याच्या बायकोचे दागिने निघाले, औषधविक्रेत्याचे निम्मेच मिळाले. वकीलबाईंचं काही मिळालं नाही.

शुक्रवारच्या त्या न वाचलेल्या मेल जावयानं एका बैठकीत वाचून काढल्या. सोळा तारखेच्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की काल अठ्ठेचाळीस मिनिटं तुमचा पहारा बंद होता आणि नंतर एक धोका पकडला गेला आहे. पहिली चोरी बावीसला झाली होती. मधले सहा दिवस त्यानं बोटांवर मोजले आणि ती मेल बायकोला दाखवली. सासऱ्यांना दाखवायची की नाही यावर दोघांचं बरंच बोलणं झालं. शेवटी दाखवली. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, की इथून पुढे दर शुक्रवारी मला मोठ्यानं वाचून दाखवायची. खणातली चिठ्ठी मुलीनं खरवडून काढली.

पण खरं काम पुढेच होतं. चोर पकडला गेला तरी यादी कुठे कुठे पोचली हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. सहाशे बारा दारांना बसवलेली कुलपं आता फक्त दिसायला कुलपं होती. अण्णांनी प्रत्येक घरी स्वतः कळवलं, काय झालं तेही सांगितलं, आणि सगळ्यांची कुलपं फुकट बदलून द्यायचं ठरवलं. काही जणांनी समजून घेतलं. काहींनी दुसऱ्याकडून बदलून घेतो म्हणून फोन ठेवला. दिवसाला चार, फार तर पाच दारं होत होती, आणि अण्णांच्या गुडघ्यांना जिने सोसत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बारक्या दुकानाच्या पायरीवर आला. हत्यारांची पेटी त्याच्या खांद्याला होती. तो आत आला नाही.

"किती झाली?" त्यानं विचारलं.

"एकसष्ट," अण्णा म्हणाले.

बारक्यानं काउंटरवरची यादी आपल्याकडे फिरवली. पानं उलटत गेला आणि पेन्सिलीनं काही नावांपुढे रेघा मारल्या. मुलीनं नंतर मोजल्या तेव्हा त्या दोनशे तीस भरल्या.

"ही मी बसवलेली आहेत," तो म्हणाला. "ती मी करतो. बाकीची तुमची."

अण्णांनी आतून नव्या कुलपांचं एक खोकं आणून त्याच्यापुढे ठेवलं. चहा घेतोस का, असं विचारलं. बारक्या नको म्हणाला, खोकं उचललं आणि गेला. संध्याकाळी तो आपल्या दुकानातच परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं खोकं न्यायला आला, तेव्हा चहा घेऊन गेला.